इंजिनचं काम झालं, मग हा डाग कसला?

इंजिनचं काम होऊन गाडी घरी आली आणि तिसऱ्या दिवशी सकाळी पार्किंगच्या शहाबादी फरशीवर पंजाएवढा ओला डाग. खंबाटकी घाटात गाडी तापली होती, हेड, म्हणजे इंजिनचा वरचा भाग, उतरवलं होतं, फेस मारून (खालची बाजू घासून सपाट करून) आणलं होतं, हेड आणि खालच्या ब्लॉकच्या मधलं पॅकिंग, म्हणजे गॅस्केट, नवं टाकलं होतं. एवढं सगळं करून पुन्हा हे. गॅरेजला फोन केला तर पलीकडून शांतपणे उत्तर आलं, "ताई, हेड परत उतरवावं लागेल असं दिसतंय."

गाडी माझ्या दारात, गॅरेज पाच किलोमीटरवर. त्यांना काय दिसत होतं कोण जाणे. मी म्हटलं, दोन दिवस थांबा, आधी मी बघते. तेव्हापासून सोसायटीतल्या गाड्यांखाली वाकून बघायची मला जी सवय लागली ती लागलीच.

काम झालेल्या इंजिनाची एक सोय असते. दहा वर्षं न उघडलेल्या इंजिनात गळती कुठूनही होऊ शकते, पण नुकत्याच उघडलेल्या इंजिनात जिथे हात लागलाय तिथलाच संशय आधी घ्यायचा. हेड उतरवायचं म्हणजे फक्त हेड उतरत नाही. टॅपेट कव्हर, म्हणजे हेडवरचं झाकण, निघतं, हवा आत नेणारा इनटेक आणि धूर बाहेर नेणारा एक्झॉस्ट मॅनिफोल्ड निघतात, रेडिएटरचा वरचा होज (रबरी नळी) सुटतो, हीटरचे पाइप सुटतात, थर्मोस्टॅटचं घर हलतं, कधी टायमिंग कव्हरही निघतं. यातले बहुतेक जोड एक तर पाणी अडवतात नाही तर ऑइल. गॅस्केट नवंकोरं असतं आणि ते बसवताना मिस्त्रीचं पूर्ण लक्ष असतं. बाकीच्या बारीकसारीक गोष्टी मात्र "चालतंय अजून" म्हणून जुन्याच परत बसतात.

म्हणून माझा पहिला सल्ला बिल बाहेर काढायचा. माझ्या बिलात हेड गॅस्केट, टॅपेट कव्हर पॅकिंग, थर्मोस्टॅट, ऑइल, फिल्टर आणि कूलंट (इंजिन गार ठेवणाऱ्या पाण्यात मिसळायचा द्रव, त्या मिश्रणालाही बोलताना कूलंट किंवा नुसतं पाणी म्हणतात) एवढं होतं. म्हणजे हेड उतरवताना सुटलेलं, पण बिलात नसलेलं जे काही आहे, ते जुनंच बसलंय. संशयितांची यादी तिथेच निम्मी तयार होते.

आता डाग. रात्री गाडीखाली मोठा पांढरा पुठ्ठा सरकवायचा, फ्रिजच्या खोक्याचा असेल तर उत्तम, आणि पुढच्या चाकांची जागा त्यावर पेनने आखून ठेवायची. सकाळी थेंब कुठे पडलाय आणि कसल्या रंगाचा आहे, दोन्ही कळतं. स्वच्छ, बिनवासाचं पाणी डावीकडे पुढच्या प्रवाशाच्या पायांच्या आसपास पडलं असेल तर ते एसीचं, सोडून द्या. इंजिन ऑइल बोटाला बुळबुळीत लागतं. नवं असताना मधासारखं पिवळसर, वापरलेलं तपकिरी-काळं, आणि पुठ्ठ्यावर त्याचा डाग पसरत जातो, वाळत नाही. कूलंट हिरवा, गुलाबी, निळा कसलाही असतो. हा रंग कंपनी आपल्या मर्जीने घालते, त्यावरून प्रकार ओळखायला जाऊ नये. बोटांत चोळलं तर किंचित चिकट, वास गोडसर. चव बघायची नाही. त्यातलं इथिलीन ग्लायकॉल विषारी असतं, आणि चवीला गोड असल्यामुळे कुत्री-मांजरं ते चाटतात. फरशीवर सांडलेलं कूलंट लगेच भरपूर पाण्याने धुवा, एवढं मात्र आळस न करता करा.

माझा डाग हिरवा आणि चिकट होता. म्हणजे कूलंट.

पुढे जाण्याआधी घाबरायचं कशाला नाही तेही सांगते, कारण काम झाल्यावर पहिले दोन दिवस माणूस प्रत्येक वासाने दचकतो. काम करताना एक्झॉस्टवर सांडलेलं ऑइल पहिल्या काही फेऱ्यांत जळतं, बॉनेटखालून धूर येतो, जळका वास येतो. पन्नासेक किलोमीटरमध्ये हे कमी होत होत थांबलं पाहिजे. वाढत गेलं तर तो जुना सांडलेला माल नाही, नवा येतोय. तसंच कूलंटची पातळी पहिल्या एक-दोन दिवसांत थोडी उतरते. नव्याने भरताना आतल्या वळणांत हवा अडकते, इंजिन तापून-गार होताना ती निघते आणि तिची जागा कूलंट घेतं. एकदा भर घालावी लागली तर ठीक. तिसऱ्या दिवशीही घालावी लागत असेल तर कूलंट कुठे तरी जातंय.

हे ठरवायला नजर पुरत नाही, खूण लागते. कूलंटच्या बाटलीवर चिकटपट्टी लावून पेनने रेघ मारा, शेजारी तारीख आणि किलोमीटर लिहा. ऑइलची पातळी दाखवणारी डिपस्टिक रोज एकाच वेळी बघा, गाडी सपाट जागी, इंजिन गार. आणि इथे एक फसगत आहे. ज्या गाड्यांत रेडिएटरवरच झाकण असतं आणि शेजारी साधी प्लास्टिकची बाटली असते, तिथे इंजिन तापलं की जास्तीचं कूलंट बाटलीत जातं आणि गार होताना रेडिएटर ते परत ओढून घेतो. कुठे गळती असेल तर रेडिएटर बाटलीतलं कूलंट ओढण्याऐवजी त्या फटीतून हवा ओढतो. बाटली भरलेली दिसते आणि रेडिएटर रिकामा होत असतो. म्हणून सकाळी, इंजिन पूर्ण गार असताना, रेडिएटरचं झाकण उघडून आत बघायचं. गरम असताना मात्र त्या झाकणाला हातसुद्धा लावायचा नाही. झाकणावर ०.९ किंवा १.१ असा आकडा असतो, तेवढ्या बार दाबाखाली आतलं पाणी असतं. दाबामुळेच निम्मं पाणी-निम्मं कूलंट हे मिश्रण १२५-१३० अंशांपर्यंत उकळत नाही. झाकण उघडलंत की दाब जातो, उकळबिंदू १०७च्या आसपास उतरतो, आणि त्याहून जास्त तापलेलं असेल ते सगळं एका क्षणात उकळून तोंडावर येतं.

काट्यावरही विसंबू नका. तापमानाचा सेन्सर पाण्यात बुडालेला असतो तोवरच खरं सांगतो. पाणी कमी होऊन तो वाफेत किंवा हवेत उघडा पडला की इंजिन करपत असताना काटा खाली येऊ शकतो. अनेक छोट्या गाड्यांत तर काटाच नसतो, नुसता दिवा.

द्रव कळला, गळती खरी आहे हे कळलं. आता ती कधी होते? हा प्रश्न गॅरेजमध्ये कुणी विचारत नाही आणि सगळी गंमत इथेच आहे. माझी गाडी फोननंतर दुसऱ्या दिवशी गॅरेजात नेली होती. मिस्त्रींनी अर्धा तास चालू ठेवली, फॅन दोनदा फिरला, टॉर्च मारून बघितलं. एक थेंब नाही. बाहेर दिसत नाही आणि पाणी तर कमी होतंय, म्हणून त्यांनी निष्कर्ष काढला की हेडच. पण पुठ्ठ्यावर रोज सकाळी डाग होता! गाडी गॅरेजात पोचेपर्यंत गरम झालेली असायची, आणि तिची गळती गार असतानाची होती.

असं का होतं ते समजून घेण्यासारखं आहे. बहुतेक गाड्यांत हेड ॲल्युमिनियमचं असतं, आणि अनेक इंजिनांत खालचा ब्लॉक बिडाचा. ॲल्युमिनियम तापल्यावर बिडाच्या जवळजवळ दुप्पट वाढतं. ४० सेंटिमीटर लांबीचं हेड धरलं आणि ते ८० अंशांनी तापलं, तर मोकळं सोडल्यास ते सुमारे पाऊण मिलिमीटर वाढेल, खालचा बिडाचा ब्लॉक त्याच्या निम्मंच. हे दोघं रोज सकाळ-संध्याकाळ एकमेकांवर घासत असतात आणि मधलं गॅस्केट, पॅकिंग, रबरी रिंगा यांनी दोघांना सांभाळून घ्यायचं असतं. रबर ताजं असेल तर ते फुगतं, दबतं, परत येतं. दहा वर्षं इंजिनात शिजलेली ओ-रिंग प्लास्टिकच्या बांगडीसारखी कडक झालेली असते. गरम असताना सगळे भाग फुगून घट्ट बसतात आणि ती कशीबशी पाणी धरते. रात्री धातू आकसतो, रिंग त्याच्यामागे जात नाही, आणि केसाएवढ्या फटीतून थेंब सुटतात.

उलटही होतं. काही गळत्या फक्त दाब चढला की होतात, म्हणजे गाडी गरम आणि चालू असतानाच. थेंब एक्झॉस्टवर पडून वाफ होऊन जातो आणि खाली डाग उमटतच नाही. मग गोड वास हीच खूण, किंवा जोडापाशी वाळून बसलेली पांढरट-हिरवट पुटं. बोअरचं जड पाणी घातलेलं असेल तर ही पुटं आणखी ठळक दिसतात, अर्थात ते पाणी रेडिएटरची काय अवस्था करतं तो वेगळा रडगाणं गायचा विषय.

गाडी चालू न करता दाब चढवायचा असेल तर हातपंप मिळतो. रेडिएटरच्या झाकणाच्या जागी तो लावायचा, झाकणावर लिहिलेल्या आकड्याएवढा दाब भरायचा, त्याहून जास्त नाही, आणि पंधरा मिनिटं काटा बघत बसायचं. काटा उतरला की टॉर्च घेऊन शोधायचं. इंजिन गार असल्यामुळे हात कुठेही घालता येतो. सगळ्याच गॅरेजांत हा पंप नसतो, पण रेडिएटरवाल्याकडे बहुतेक असतो. मी सकाळी सात वाजता, गाडी रात्रभर गार झालेली असताना, ओळखीच्या रेडिएटरवाल्याला पंपासकट घरीच बोलावलं. त्याने दाब भरला. पाच मिनिटं काही नाही. मग काटा एका बाजूला कलायला लागला.

शोधताना एक नियम डोक्यात पक्का हवा. थेंब जिथे पडतो तिथे गळती नसते. पातळ पदार्थ उतार धरतो, आणि गाडी चालताना वारा त्याला मागे ढकलतो. टॅपेट कव्हरमधून सुटलेलं ऑइल ब्लॉकवरून ओघळत चेंबरच्या, म्हणजे तळाशी ऑइल साठतं त्या भांड्याच्या, बोल्टवर जमतं आणि माणूस चेंबरचं पॅकिंग बदलून मोकळा होतो. म्हणून ओला भाग सापडला की तिथून वर आणि पुढे जायचं. सगळ्यात वरची, सगळ्यात पुढची ओली जागा, तिच्या वर कोरडं, ती खरी जागा. आमचा थेंब गिअरबॉक्सच्या जोडावरून पडत होता. रेडिएटरवाल्याने छोटा आरसा आणि मोबाइलची टॉर्च इंजिनच्या मागे, इनटेक मॅनिफोल्डखाली घातली. तिथून लोखंडी पाण्याची नळी ब्लॉकला समांतर जाऊन वॉटर बॉडीत, म्हणजे पाण्याच्या पंपाच्या घरात, घुसते. घुसते तिथे ओ-रिंग. नळीच्या खालच्या बाजूला हिरवा मणी फुगला, लोंबला, पडला. परत फुगला. मोजले तर मिनिटाला चार. मॅनिफोल्ड काढताना ही नळी हलली होती आणि तिची रिंग बिलात नव्हती.

माझं पाण्याचं होतं, पण ऑइलचंही तंत्र तेच. फरक एवढाच की ऑइल वाळत नाही, सगळीकडे पसरतं, त्यामुळे आधी धुतल्याशिवाय काही कळत नाही. इंजिन गार असताना डीग्रीझर मारून, ब्रश फिरवून, वायरिंग आणि कॉइलवर प्लास्टिक बांधून साफ करा. जोराच्या फवाऱ्याचं पाणी सॉकेटमध्ये गेलं तर नवाच आजार जडतो. नीट वाळू द्या. मग संशयित जोडांवर साधी टाल्कम पावडर हलकेच भुरभुरवा आणि दहा-पंधरा किलोमीटर फिरून या. पांढऱ्यावर काळी रेघ उमटलेली असते आणि तिचं वरचं टोक म्हणजे उगम. यूव्ही डाय ऑइलमध्ये टाकून जांभळ्या टॉर्चने बघायची पद्धतही चांगली, पण पावडरने बहुतेक वेळा काम भागतं.

हेडच्या कामानंतर ऑइल गळण्याचं माझ्या अनुभवातलं पहिलं ठिकाण टॅपेट कव्हर. पॅकिंग नवं असूनही गळतं, आणि कारण बहुतेक वेळा जास्त आवळणं असतं. या बोल्टना साधारण १० न्यूटन-मीटर एवढाच ताण लागतो, म्हणजे पाव मीटर लांब पान्याच्या टोकाला चार किलो वजन टांगलं तर जेवढा पडेल तेवढा. गळतंय म्हणून आणखी आवळलं की पॅकिंग पिळवटून बाहेर येतं, कव्हर वाकतं आणि गळती वाढते. कोपऱ्यांत जिथे दोन भागांचा जोड येतो तिथे सिलिकॉनचा वाटाण्याएवढा ठिपका लागतो, तो राहून गेला तरी गळतं. कव्हरच्या आतल्या स्पार्क प्लगच्या रिंगा बदलल्या नाहीत तर ऑइल प्लगच्या विहिरीत साठतं. खाली डाग नाही, पण गाडी मिसिंग करते, म्हणजे झटके घेत चालते. प्लगवरची कॉइल उपसून बघितली की टोक तेलकट.

त्यानंतर ऑइल प्रेशर स्विच, ड्रेन बोल्टचा वॉशर आणि ऑइल फिल्टर. जुन्या फिल्टरची रबरी रिंग ब्लॉकलाच चिकटून राहिली आणि तिच्यावर नवा फिल्टर बसवला, तर गाडी चालू केल्यावर ऑइल अक्षरशः फेकतं. तशी गाडी एक मिनिटही चालवू नका. सिलिकॉनने बसवलेलं चेंबर किंवा टायमिंग कव्हर असेल तर विचारा, लावल्यावर किती वेळ थांबलात? पूर्ण पक्कं व्हायला साधारण २४ तास लागतात आणि आपण तर संध्याकाळी गाडी हवी म्हणून डोक्यावर बसलेलो असतो. सिलिकॉन खूप बाहेर आलेलं दिसत असेल तर तेवढंच आतही गेलंय हे लक्षात घ्या. ते तुकडे सुटून चेंबरमधल्या जाळीत अडकतात.

एकाच वेळी दोन-तीन जागांहून ऑइल यायला लागलं तर पॅकिंगच्या मागे लागण्याआधी ब्रीदर पाइप बघा. तो तुंबला किंवा बसवताना पिळला गेला असेल तर इंजिनच्या पोटातला वायू कोंडतो आणि जिथे कच्चं मिळेल तिथून ऑइलला बाहेर ढकलतो. गिअरबॉक्स आणि इंजिनच्या सांध्यातून येणारं ऑइल पाहून क्रँकचं, म्हणजे इंजिनच्या मुख्य फिरत्या दांड्याचं, मागचं सील गेलं असं सांगतात. तिथे गिअरबॉक्स उतरवण्याचा खर्च असतो, म्हणून वरून ओघळून तर येत नाही ना, हे पावडरने पक्कं करूनच होकार द्या.

आणि खरंच हेड असेल तर? त्याचीही लक्षणं आहेत, नुसता अंदाज पुरत नाही. सकाळी, गाडी चालू करण्याआधी वरचा होज दाबून बघा, मऊ लागला पाहिजे. चालू केल्यावर मिनिटभरात, पाणी गारच असताना, तो दगडासारखा टणक झाला तर सिलिंडरमधला वायू पाण्यात घुसतोय. हवा पूर्ण निघून गेल्यावरही रेडिएटरमध्ये बुडबुडे येतच राहतात. गॅरेजमध्ये निळ्या द्रवाची नळी रेडिएटरच्या तोंडावर धरून बघतात. जळालेल्या वायूतला कार्बन डायऑक्साइड पाण्यातून वर येत असेल तर निळा द्रव पिवळा पडतो. सायलेन्सरमधून गरम झाल्यावरही न थांबणारा, गोड वासाचा पांढरा धूर, हे आणखी एक. डिपस्टिकवर ऑइल दुधाळ कॉफीच्या रंगाचं किंवा पातळी आपोआप वाढलेली दिसली तर गाडी चालू न करता टो करून न्या, कारण तसं ऑइल बेअरिंगला वंगण देत नाही. फक्त ऑइलच्या टोपणाखाली लोण्यासारखा थर दिसला आणि डिपस्टिक स्वच्छ असेल तर लगेच हाय खाऊ नका. पावसाळ्यात रोज दोन-दोन किलोमीटर चालणाऱ्या गाड्यांत तो दमटपणामुळेही जमतो.

हेड परत उतरवायची वेळ आलीच तर तीन गोष्टी विचारून घ्या. फेस मारल्यावर सरळ पट्टी आणि फट मोजायच्या पातळ पात्या, म्हणजे फीलर गेज, लावून बघितलं का? छोट्या पेट्रोल इंजिनांत साधारण ०.०५ मिलिमीटरपेक्षा जास्त बाक चालत नाही, म्हणजे केसाच्या जाडीहून कमी. हेडचे बोल्ट नवे टाकले का? अनेक इंजिनांत ते ताणून बसणारे, एकदाच वापरायचे असतात. आणि बोल्टची भोकं कोरडी केली होती का? भोकात पाणी किंवा ऑइल राहिलं तर बोल्ट त्याच्यावर टेकतो, ठरलेला ताण आला की वाजणारा पाना, म्हणजे टॉर्क रेंच, टिकटिकतो आणि हेड मात्र दाबलंच गेलेलं नसतं.

माझ्या बाबतीत यातलं काहीच लागलं नाही. गाडी गॅरेजला नेली, सोबत आरशातल्या हिरव्या मण्याचा व्हिडिओ. मिस्त्रींनी तो दोनदा बघितला, चष्मा वर सरकवला आणि म्हणाले, "ही रिंग राहिली खरी." मॅनिफोल्ड उतरवून जुनी रिंग काढली तर ती हातात घेताच मोडली. नवी बसवताना नळीचं टोक पॉलिश पेपरने घासून गंज काढला, कूलंट लावून रिंग सरकवली, हीटर पूर्ण उघडून हवा काढली. त्यांनी पैसे घेतले नाहीत, त्यामुळे बिलही केलं नाही. मी पहिल्याच बिलाच्या खाली पेनने लिहून ठेवलं, पाण्याच्या नळीची ओ-रिंग, तारीख, किलोमीटर. पुठ्ठा आणखी आठवडाभर गाडीखाली होता.